घरात कॅन्सर आणि मुलाला सायकोसिस : कोकणातल्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधली कुटुंबं समुपदेशनाला येतात तेव्हा हे प्रश्न हमखास निघतात. काही डॉक्टरांसमोर विचारले जातात, बरेचसे बाहेर बाकड्यावर, निघता निघता. इथे दोन्हीकडचे घेतले आहेत. ज्या घरात एकाहून जास्त जणांना कॅन्सर झाला आहे आणि आता बारा ते एकोणीस वयाच्या मुलाला किंवा मुलीला भास, संशय, असंबद्ध बोलणं असा त्रास (यालाच सायकोसिस म्हणतात, आणि स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार) सुरू झाला आहे, त्या घरासाठी हे लिहिलं आहे.

आजीला आणि आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला. आता मुलाला स्किझोफ्रेनिया सांगितलाय. दोन्ही एकाच मुळातून आलं का?

बहुतेक घरांत नाही. दोन वेगळी दुखणी एका घरात आलेली असतात. शंभरातल्या साधारण एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया होतो आणि कॅन्सर तर त्याहून कितीतरी जास्त जणांना. आपल्याकडे घर म्हटलं की मुंबईचे चाकरमानी धरून पन्नास-साठ माणसांची भावकी मोजतात. एवढ्या माणसांत दोन्ही आजार दिसले नाहीत तरच नवल.

शिवाय घरात कॅन्सर झाला म्हणजे तो आनुवंशिकच, असंही नाही. सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच कॅन्सर आईवडिलांकडून आलेल्या एखाद्या जनुकातल्या बिघाडामुळे होतात. आजोबा, काका आणि चुलतभाऊ तिघांनाही तोंडाचा कॅन्सर झाला आणि तिघंही तंबाखू खात होते, तर आधी तंबाखूकडे बघायचं. मिश्री लावणाऱ्या आज्यांचंही तेच. पण स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत, एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झाला असेल, सोबत कुणाला अंडाशयाचा असेल किंवा घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा विचार करावाच लागतो. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच कुटुंबात कमी वयात दिसला तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक अवस्थेचा.

आणि ही जनुकं सापडली तरी मुलाच्या आजाराचं कारण त्यांत मिळत नाही. बीआरसीएमुळे किंवा लिंचमुळे सायकोसिस होतो असा पुरावा नाही. "आत्याचा कॅन्सर पोराच्या डोक्यात उतरला" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि आत्याच्या कानावर ते जाऊ न देणं बरं.

दोन्ही आजार आनुवंशिक म्हणतात. मग फरक काय?

फार मोठा. बीआरसीएसारख्या जनुकात बिघाड असेल तर तो एकच बिघाड मोठं काम करतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्क्यांपर्यंत जाते. तो दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, आईकडून असो की बापाकडून. "स्तनाचा कॅन्सर म्हणजे आईच्या बाजूचा" हा समज आपल्याकडे घट्ट आहे. बापाच्या बहिणींना झाला असेल तर तो बापामार्फत मुलीकडे येऊ शकतो, हे सांगितल्यावर अनेक घरं पहिल्यांदा आत्यांकडे वळून बघतात.

स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागा या आजाराशी जोडलेल्या सापडल्या. त्यातली प्रत्येक जागा अगदी थोडा, जवळपास नगण्य धोका वाढवते. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दहा जनुकं अशी मिळाली की ज्यांतले दुर्मीळ बिघाड धोका बराच वाढवतात, पण असे बिघाड फार थोड्या रुग्णांत असतात. म्हणून "स्किझोफ्रेनियाची रक्ततपासणी करून द्या" या मागणीला अजून उत्तर नाही. कुणी प्रयोगशाळा तशी तपासणी विकत असेल तर पैसे घरात ठेवा.

स्किझोफ्रेनिया "८० टक्के आनुवंशिक" असतो हे वाक्यही लोकांना घाबरवून सोडतं. तो आकडा लोकसंख्येतल्या फरकांबद्दलचा आहे, तुमच्या मुलाबद्दलचा नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण १० टक्के, म्हणजे दहातल्या नऊ जणांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसरं भावंड त्यातून सुटतं.

म्हणजे एकच जनुक दोन्हीकडे पोचतं असं कधीच होत नाही?

होतं. थोड्या अवस्थांत, आणि त्या ओळखता येतात.

पेशी किती वाढावी, कधी थांबावी हे ठरवणारी एक साखळी शरीरात असते. पीटेन, टीएससी-१ आणि टीएससी-२ ही जनुकं त्या साखळीवर ब्रेकचं काम करतात. ब्रेक सुटला की स्तन, थायरॉइड, मूत्रपिंड अशा ठिकाणी गाठी वाढतात. हीच साखळी मेंदू घडत असताना चेतापेशींचा आकार आणि त्यांच्या जोडण्याही सांभाळते, म्हणून त्या घरात आत्मकेंद्रीपणा (ऑटिझम), झटके, शिकण्यातली अडचण दिसते. यात एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी : या जनुकांचा मेंदूशी संबंध पक्का आहे, पण तो प्रामुख्याने ऑटिझम आणि मतिमंदत्वाच्या बाजूने. सायकोसिस काही जणांत दिसतो, नियम म्हणून नाही.

ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे टीएससीचा आजार, साधारण ६००० जन्मांमागे एकात असतो. अंगावर जन्मापासून पानाच्या आकाराचे फिकट डाग असतात. आपल्याकडे त्याला शिबं म्हणतात, नाहीतर पोटात जंत झालेत म्हणून औषध देतात. वय वाढलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर लालसर पुटकुळ्या येतात आणि त्या मुरुमं म्हणून सोडून दिल्या जातात. लहानपणी फिट येत होत्या का, हे विचारलं की आई हो म्हणते. या आजारातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, मात्र मूत्रपिंडावर आणि मेंदूतल्या गाठींवर नियमित नजर ठेवावी लागते. पीटेनचा बिघाड असलेल्या घरात डोकं सरासरीपेक्षा ठळक मोठं असतं, पिढ्यान्‌पिढ्या. "आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी मोठी" असं हसत सांगितलं जातं, आणि त्याच घरात थायरॉइडच्या व स्तनाच्या गाठी निघालेल्या असतात.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ त्याहून जास्त आढळतो, साधारण ३००० मागे एक. दुधाच्या चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, वयात आल्यावर प्रत्येक दीड सेंटिमीटरहून मोठा, काखेत ठिपके, पुढे अंगावर मऊ गाठी. इथे मेंदूची बाजू म्हणजे मुख्यतः लक्ष न लागणं आणि अभ्यासातली अडचण. या बायकांना पन्नाशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही.

सायकोसिसच्या बाजूने सगळ्यात ठोस संबंध आहे तो २२ व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचा. २२क्यू११.२ हा तुकडा गळालेला असेल तर चारातल्या साधारण एका व्यक्तीला मोठेपणी सायकोसिस होतो. एकाच जनुकीय कारणाने एवढा मोठा धोका दुसरीकडे क्वचितच दिसतो. पण ही मूलतः कॅन्सरची अवस्था नव्हे. त्याच गुणसूत्रावर जवळपास गाठींशी संबंधित जनुकं आहेत आणि तुकडा नेहमीच्या जागेपलीकडे तुटला तर ती जाऊ शकतात, पण ते विरळा. मुलाचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेंगाणा आहे, टाळू फाटलेली होती, बोलायला उशीर झाला, कधी कॅल्शियम कमी होऊन आकडी आली, यांतलं दोन-तीन असेल आणि आता सायकोसिस असेल तर गुणसूत्रांचा गळालेला तुकडा शोधणारी मायक्रोअरे तपासणी मागा. दहातल्या नऊ मुलांत हा बिघाड नव्याने झालेला असतो, आईबापांकडे नसतो.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा मुलाचा शर्ट काढून पाठ, काखा, मांड्या दाखवा. वरवर त्याचा मनाच्या आजाराशी संबंध वाटत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे.

कॅन्सर आणि स्किझोफ्रेनिया यांचं नातं उलटं आहे, एक असला की दुसरा होत नाही, असं वाचलं. खरं का?

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९०९ साली इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सर कमी दिसतो असं निरीक्षण आलं आणि तेव्हापासून गाडी इकडून तिकडे जाते आहे. काही अभ्यासांत रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना कॅन्सर किंचित कमी आढळला. दुसरीकडे जनुकसंचाच्या मोठ्या तुलनांत स्तनाचा कॅन्सर आणि स्किझोफ्रेनिया यांच्यात थोडीशी सामाईक जनुकीय पार्श्वभूमी दिसली. संशोधकांसाठी हे रंजक आहे. तुमच्या घराचा कुठलाच निर्णय यावर ठरत नाही.

ठरतो तो वेगळ्याच गोष्टीवर. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं कॅन्सरने इतरांपेक्षा जास्त मरतात. तंबाखू हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या तक्रारीकडे लक्ष न देणं. वेडसर म्हणून ओसरीवर बसवलेल्या मावशीने छातीत गाठ आहे असं सांगितलं तर ते कुणी ऐकत नाही.

मुलगी आठवड्यापूर्वी ठीक होती. आता झोपत नाही, ओरडते, मधेच ताठ होते. हे स्किझोफ्रेनियाच ना?

थांबा. हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात तातडीचा आहे.

स्किझोफ्रेनिया बहुधा हळूहळू येतो. महिनोन्‌महिने मूल एकटं राहतं, दहावी-बारावीचा अभ्यास घसरतो, रात्री जागतं, घरच्यांवर संशय घेतं. दोन आठवड्यांत सगळं उलटंपालटं झालं, सोबत ताप किंवा डोकेदुखी होऊन गेली, झटका आला, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणं बंद पडलं, हातपाय ठेवाल तसेच राहतात, रक्तदाब आणि नाडी वरखाली होते, तर मेंदूला सूज असण्याची शक्यता आधी तपासायची.

यातला एक आजार २००७ मध्ये नीट ओळखला गेला. त्याचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्याच एका ग्राहीवर (रिसेप्टरवर) उलटते. मुलींमध्ये आणि तरुण बायकांमध्ये यामागे अनेकदा अंडाशयातली टेराटोमा नावाची गाठ असते. त्या गाठीत मेंदूसारख्या ऊती असतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते, आणि हा आजार आनुवंशिकही नाही. तरीही इथे लिहिलं, कारण ज्या घरात अंडाशयाच्या कॅन्सरचा इतिहास आहे तिथे नातेवाईक लगेच दोन टोकं जोडतात, आणि ज्या घरात नाही तिथे मुलीला बाधा झाली म्हणून फिरवतात. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यात प्रतिपिंडं शोधतात, पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. गाठ काढली आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं वेळेत दिली तर बहुतेक मुली सुधारतात, काही वेळा महिने लागतात. उशीर झाला की सुधारणाही लांबते.

कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, भगताकडेही नेलं. डॉक्टर ओरडतील का?

चांगला डॉक्टर ओरडत नाही. त्याला तारखा हव्या असतात : त्रास कधी सुरू झाला, कुठे कुठे नेलं, कुणी काही पाजलं का, धुरी दिली का, उपाशी ठेवलं का. हे लपवलंत तर रक्तातल्या बिघाडाचा अर्थ लागत नाही. देवाला गाऱ्हाणं घाला आणि त्याच दिवशी गोळीही द्या, एकाने दुसऱ्याचं काही अडत नाही. पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण, चटके, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कॅन्सरच्या उपचारामुळे मुलाचं डोकं फिरलं असं होतं का?

होतं. रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात मुलांना प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देतात. त्यांनी झोप उडते, चिडचिड वाढते, काहींना भास होतात. मात्रा कमी झाली की बहुधा शमतं. मात्र स्टेरॉइड घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. फोन करा, विचारा.

आणखी एक, कमी ऐकलेलं. काही आनुवंशिक अवस्थांत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. छाती धडधडते, घाम फुटतो, डोकं ठणकतं, मरणाची भीती वाटते आणि अर्ध्या तासात सगळं निवतं. मुलाला घाबरायचा आजार आहे असं ठरून जातं. झटका आलेला असताना रक्तदाब मोजला की खरी गोष्ट कळते. वॉन हिप्पेल-लिंडाऊ, मेन-२, न्यूरोफायब्रोमॅटोसिस ही नावं घराच्या कागदांत असतील तर हे नक्की सांगा.

आई कॅन्सरने गेली. तेव्हापासून मुलाला तिची हाक ऐकू येते. सुरुवात झाली का?

बहुधा नाही. जवळचं माणूस गेल्यावर त्याची हाक ऐकू येणं, स्वयंपाकघरात ते उभं आहे असं वाटणं हे दुःखाचा भाग असतं. म्हाळाच्या दिवसांत, वर्षश्राद्धाला ते वाढतं. मूल जेवतंय, शाळेत जातंय, आवाज ऐकला की रडतं पण मग सावरतं, तर त्याच्याजवळ बसा, आईबद्दल बोलू द्या. आवाज शिव्या देतो, हुकूम सोडतो, विहिरीवर जा म्हणतो, एकाहून जास्त लोक आपसात बोलताना ऐकू येतात, किंवा मूल खाणं-झोपणं सोडतं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. विहिरीचं बोलणं निघालं असेल तर आठवडाही थांबू नका, मुलाला एकटं सोडू नका.

तपासणी आधी कुणाची करायची? मुलाचं रक्त देऊ का?

आधी कागद आणि पेन्सिल. तीन पिढ्यांची वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. प्रत्येकापुढे आजार आणि तो झाला तेव्हाचं वय. कॅन्सरसाठी वेगळी खूण, मानसिक आजारासाठी वेगळी, आणि आत्महत्या असेल तर तीही लिहायची. नात्यात लग्न झालं असेल, आतेभाऊ-मामेबहीण असेल, तर दोघांमध्ये दुहेरी रेघ.

कोकणात हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कुळाच्या वंशावळीत बहुधा मुलग्यांचीच नावं असतात. लग्न होऊन गेलेली आत्या दुसऱ्या आडनावाने, दुसऱ्या तालुक्यात गेली, तिथे ती कशाने मेली हे माहेरी नीट कुणाला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक बाईचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. मृत्यूचं कारण म्हणून जे सांगितलं जातं तेही उकलावं लागतं. "पोटात पाणी झालं आणि गेली" यामागे अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, यकृताचा आजार असू शकतो, क्षयही असू शकतो. "कावीळ झाली" यामागे स्वादुपिंडाची गाठ असू शकते. "डोक्यावर परिणाम झाला होता" म्हणजे मेंदूत पसरलेला कॅन्सर की म्हातारपणीचा विसर की खरा सायकोसिस, हे वय विचारलं की बरंच उलगडतं. सत्तरीत पहिल्यांदा झालेला "परिणाम" आणि अठराव्या वर्षी झालेला एकाच खुणेने दाखवू नका.

गिरणीत असलेल्या आजोबांची टाटा हॉस्पिटलची फाइल कुठल्यातरी ट्रंकेत असते. ती सापडली तर सोनं समजा. फाइल नंबर असला की जुना पॅथॉलॉजीचा अहवाल निघण्याची शक्यता असते, काही वेळा गाठीचा मेणात जपलेला तुकडाही. त्याला ब्लॉक म्हणतात. हॉस्पिटलात "ब्लॉक मिळेल का" एवढंच विचारा, त्यांना कळतं. गणपतीला सगळी भावकी एकत्र येते तेव्हा हे विचारायला दोन दुपारी काढा. आरतीच्या आधी नको.

कागद तयार झाला की कॅन्सरच्या जनुकाची तपासणी आधी त्या व्यक्तीची करायची जिला कॅन्सर झाला आहे. आत्या हयात असेल तर आत्याचं थोडं रक्त. तिच्यात बिघाड सापडला तर बाकीच्यांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते, कारण नेमकी जागा माहीत असते. तिला सोडून आधी भाच्याची केली आणि काही निघालं नाही तर त्याचा अर्थच लागत नाही : बिघाड घरात नाही, की घरात आहे पण याच्याकडे आला नाही?

मुलगी पंधराची आहे. बीआरसीए तपासून मोकळं व्हावं का?

नको. त्या जनुकासाठी पंधराव्या वर्षी करण्यासारखं काहीच नसतं. स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू होते. अठरा पूर्ण झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही, कधी, हे तिने ठरवायचं. त्यात ती सायकोसिसमधून सावरत असेल तर ही माहिती आत्ता तिच्यावर टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

काही अवस्थांत मात्र लहानपणीच तपासावं लागतं, कारण लहानपणीच काहीतरी करता येतं. आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे लहान गाठी, होणाऱ्या एफएपीत दहा-बारा वर्षांपासून दुर्बिणीची तपासणी लागते. थायरॉइडचा कॅन्सर होणाऱ्या मेन-२ मध्ये ती ग्रंथी बहुधा बालपणीच काढावी लागते. डोळ्यातल्या कॅन्सरमध्ये, म्हणजे रेटिनोब्लास्टोमात, जन्मल्यापासून लक्ष ठेवतात, लहान वयापासून अनेक प्रकारचे कॅन्सर होऊ शकणाऱ्या टीपी-५३ च्या बिघाडात, म्हणजे लि-फ्रॉमेनी सिंड्रोममध्येही तसंच. तिथे "मूल आजारी आहे, नंतर बघू" हे चालत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि कॅन्सरचे डॉक्टर यांनी मिळून वेळ ठरवायची.

जनुकाच्या तपासणीच्या अहवालात "अर्थ निश्चित नसलेला बदल" असं आलंय.

त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका. ऑपरेशन नाही, लग्न मोडणं नाही. जगभरच्या नोंदींत भारतीयांचे नमुने कमी असल्यामुळे आपल्याकडे असे शेरे जास्त येतात. एक-दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेला पुन्हा विचारा. असे बरेचसे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

सायकोसिसच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो का? आमच्या घरात तर आधीच आहे.

प्रश्न रास्त आहे. सायकोसिसवरच्या रिस्पेरिडोनसारख्या काही गोळ्या रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढवतात. फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा गोळ्या पाच वर्षं किंवा जास्त घेतलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. याने गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळ्या सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका आजचा आहे, मोठा आहे. पण बीआरसीएच्या घरातली मुलगी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. अ‍ॅरिपिप्राझोलसारखी प्रोलॅक्टिन न वाढवणारी औषधं आहेत आणि ती चालत असतील तर निवड तिथे झुकवता येते. मुलीची पाळी थांबली किंवा छातीतून दूध आलं तर ते लाजेने लपवू नका.

सायकोसिसवरची क्लोझापिन चालू असलेल्या मुलाला केमोथेरपी लागली तर ही दोन्ही औषधं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करू शकतात, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवाच.

आणि आईबद्दल : ती स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी घेत असेल आणि मुलाच्या काळजीने तिला नैराश्याची गोळी सुरू झाली असेल, तर गोळीचं नाव बघा. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. दुसरी गोळी मागा.

गांजाचा यात संबंध आहे का?

आहे, आणि जनुकांपेक्षा जास्त हातात असलेला. किशोरवयात नियमित गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण वाढतं, घरात आधी कुणाला आजार असेल तर अधिकच. घरात असा आजार झालेला असेल तर भावंडांना गांजापासून दूर ठेवणं हे कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा उपयोगी आहे.

बहिणीचं लग्न जमवताना हे सांगावं लागेल का?

अहवाल ज्याचा त्याचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि डॉक्टर गावात कुणाला सांगू शकत नाहीत. भावाच्या आजाराचा बहिणीच्या मुलांवरचा परिणाम थोडा असतो. कॅन्सरच्या जनुकाबाबत मात्र माझं मत सरळ आहे : तपासणी झालेली असेल आणि दोष सापडला असेल तर होणाऱ्या जोडीदाराला, साखरपुड्याच्या आधी, तिने स्वतः सांगावं. मध्यस्थामार्फत नको. मध्यस्थाच्या तोंडून गेलं की चार वाड्यांत चार वेगळे आजार पोचतात.

कुठे जायचं?

मुलाच्या त्रासासाठी आधी जिल्हा रुग्णालय : अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. "रत्नागिरीला पाठवा त्याला" ही थट्टा इतकी मुरली आहे की लोक तिथे जायला लाजतात, आणि उपचाराची वर्षं वाया जातात. बाह्यरुग्ण विभागात दाखवलं म्हणजे भरती करतात असं नाही. अठराच्या आतल्या मुलाला भरती केलंच तर कायद्याने त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं. मध्यरात्री काय करावं कळत नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलतात.

कॅन्सरसाठी चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं. आनुवंशिक कॅन्सरच्या समुपदेशनासाठी टाटा मेमोरियल, परळ किंवा त्यांचंच खारघरचं केंद्र. परळला टाटाच्या शेजारी केईएम आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, त्यामुळे दोन्ही कामं एका खेपेत उरकता येतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना माहीत आहे, जागा मिळेल का हे आधी विचारून जा.

मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला न्यायचं. काय काळजी घ्यायची?

झोप मोडली की त्रास वाढतो, म्हणून जमलं तर दिवसाची गाडी. रात्रीचीच असेल तर रात्रीची गोळी गाडीत बसण्याआधी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवा, एक पिशवी हरवली तरी डोस चुकत नाही. बर्थ आतल्या बाजूचा, दाराजवळचा नको. सोबत दोन मोठी माणसं. वंशावळीचा कागद, सगळे जुने अहवाल, मुलाच्या गोळ्यांची सध्याची चिठ्ठी आणि त्याच्या अंगावरच्या डागांचे उजेडात काढलेले फोटो एकाच प्लास्टिकच्या फाइलीत घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. आत्याचं रक्त द्यायचं असेल तर तिलाही त्याच खेपेला बोलवा, ती डोंबिवलीला असेल तर थेट परळला येईल.